तैवानला गेलेला तिसरा नग

माझा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, शिंप्याच्या टेपेवर नव्हता, आणि आमच्या ह्यांच्या ‘आलोच’वर तर लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून नव्हता. सोनाराकडं गेले की आधी त्याचा काटा रिकामा असताना सरळ उभा राहतो का ते बघायचे. याला मी तेव्हा हुशारी म्हणत असे. आता नातवंडं विचारतात, “आजी, तू नोकरीत काय करायचीस?” मी सांगते, “संशय घ्यायचे. पगार मिळायचा त्याचा.”

यात खोटं काही नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक शेड होती, तिथं मी टेस्टिंगला होते. आयटीआय झालेली, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि तोंडावर असा भाव की समोरच्यानं आपण काय चोरलंय ते आठवायला लागावं. फोनला जोडायची एक डबी आम्ही बनवायचो. फोन वाजला की कुठल्या नंबरावरून आलाय ते डबीवर दिसायचं. मोबाइल तेव्हा मोठ्या माणसांच्या कंबरेला. बाकीच्यांच्या घरी तारेचा फोन आणि शेजारी आमची डबी. सासूला कळायचं सुनेला माहेरचा फोन कितीदा येतो, बापाला कळायचं पोरीला कुणाचा येतो. धंदाच सगळा संशयावर चालणारा, त्यामुळं मी तिथं चपखल बसले होते.

पण फोनच्या तारेला काहीही जोडून विकायचं म्हटलं की दूरसंचार खात्याची मंजुरी लागायची. नव्या डबीच्या मंजुरीसाठी चाचणीचा अहवाल हवा होता, आणि त्यातली एक चाचणी विजेची. वळवाच्या पावसात तारेतून वीज आली तर डबी तगते का, हे बघायचं यंत्र आपल्याकडं मोजक्याच ठिकाणी होतं आणि तिथं रांग महिनोन् महिन्यांची. मग मालकांना कुणीतरी सांगितलं की आता परदेशातल्या प्रयोगशाळेचा अहवालही खात्याला चालतो, फक्त ती प्रयोगशाळा मान्यता असलेली पाहिजे.

शहरात, शाहूपुरीतल्या ऑफिसात मालकांनी मला बोलावून फॅक्स दाखवला. तैवानची प्रयोगशाळा. तीन नग पाठवा, पंधरा दिवसांत अहवाल देतो.

“पंधरा दिवसांत?” मी म्हटलं. “आपल्याकडं पंधरा दिवसांत नुसती पोच येत नाही.”

“म्हणूनच तिकडं पाठवाय लागलोय की.”

“त्यांना मान्यता कुणी दिली?”

“त्यांच्या देशातल्या संस्थेनं.”

“आणि त्या संस्थेला?”

“तिचा आन आपल्याकडच्या संस्थेचा करार हाय, बाई. त्यांनी पास केल्यालं आपण मानायचं, आपण केल्यालं त्यांनी.”

“म्हणजे व्याह्यानं व्याह्याला चांगलं म्हणायचं.”

मालक शेतकरी घरातले, दुधाच्या धंद्यातून इकडं आलेले. हिशेबी पण हसरे. म्हणाले, “तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही काय केलंसा?”

“मी मुलाच्या गावात जाऊन त्याच्या शेजारणीला विचारलं.”

“मग जावा तैवानला. शेजारणीला इचारून या.”

ऑफिस हसलं. मी हसले नाही. माझ्या संशयाला आधार होता. आदल्या वर्षी इथल्याच एका प्रयोगशाळेत आम्ही जुनी डबी पाठवली होती. पाठवताना मी स्क्रूवर लेकीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता. स्क्रू कुणी फिरवला तर ठिपका फुटतो. अहवाल आला, ‘आतील जोडणी तपासली, समाधानकारक.’ डबी परत आली, ठिपका जसाच्या तसा. डबी उघडलीच नव्हती. तेव्हापासून मी ‘तपासले’ हा शब्द वाचला की नाक मुरडायचे. इथल्या इथं हे, तर समुद्रापलीकडं कोण बघतंय?

तैवानला पाठवायचे तीन नग अक्कानं जोडायचे ठरले. अक्का म्हणजे आमच्या शेडीतला सगळ्यांत चांगला हात. कागलच्याही पलीकडून, सीमेवरच्या गावातून यायची. नवरा नव्हता, दोन पोरी शिकत होत्या. सोल्डरचा डाग असा द्यायची की वितळलेला थेंब मोत्यासारखा बसावा. पण सहा वर्षं ठेक्यावरच होती. मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, नव्या डबीला मंजुरी आली की दुसरी लाइन सुरू करायची आणि अक्काला त्या लाइनवर कायम करून सुपरवायझर करायचं. दुसऱ्या दिवशीपासून अक्का जेवणाच्या सुट्टीत रजिस्टर कसं भरतात ते माझ्याकडून शिकायला बसू लागली होती.

तिन्ही नगांच्या झाकणाच्या आत तिच्या हाताची खूण म्हणून तिचा नंबर चिकटवला होता, सात. आमची तशी पद्धतच होती, ज्याचा हात त्याचा नंबर.

आता मी काय केलं ते सांगते. हसायचं असेल तर हसा, मी स्वतः पुष्कळ हसून घेतलंय, त्याआधी रडूनही.

डबीत एक निळी चकती असते, चिंचोक्याएवढी. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. तारेतून वीज आली तर ती स्वतःवर घेते आणि बाकीच्या डबीला वाचवते. गंमत अशी की ती नसली तरी डबी छान चालते, नंबर दाखवते, सगळं करते. वीज येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मी विचार केला, नेलपॉलिशचा ठिपका तिथं उपयोगाचा नाही, उघडतील आणि बंद करतील. खरी चाचणी करतात का हे कळायला आतच काहीतरी ठेवलं पाहिजे. म्हणून माझ्याकडं शेवटच्या तपासणीला आल्यावर तिसऱ्या नगात मी त्या चकतीच्या तारेच्या दोन पायांपैकी एक पाय कटरनं कापला. चकती जागच्या जागी उभी. वरून बघणाऱ्याला दिसू नये इतकं बारीक. खुर्चीत बसून अहवाल लिहीत असतील तर तिन्ही नग पास येतील, आणि मी मालकांपुढं अहवाल आपटून म्हणेन, बघा तुमचे व्याही!

पुरावा म्हणून एक चिठ्ठीही लिहिली. ‘तिसऱ्या नगात मी मुद्दाम दोष ठेवला आहे.’ खाली सही, तारीख. लखोट्यात बंद करून माझ्या खणात. केवढी अक्कल! आणि खरोखरच नापास आला तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. प्रयोगशाळा खरी निघू शकते यावर माझा विश्वासच नव्हता ना.

सतराव्या दिवशी अहवाल आला. दोन दिवस उशीर, तेवढ्यानंही मला बरं वाटलं. मी शाहूपुरीत पोचले तर मालक खुर्चीत नव्हते, खिडकीशी उभे होते. टेबलावर अहवाल उघडा.

नग एक, उत्तीर्ण. नग दोन, उत्तीर्ण. नग तीन, विजेच्या चाचणीत जळाला. खाली भिंग लावून काढलेला फोटो, चकतीचा पाय हत्तीच्या पायाएवढा मोठा दिसत होता. आणि त्याखाली एक ओळ, की टोक सपाट आहे, ते तुटलेलं नसून हत्यारानं कापलेलं दिसतं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. केलीय की चाचणी! उघडलंय, जाळलंय, भिंगानं बघितलंय! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याइतकं संशयी भेटलं होतं.

“बाई,” मालक म्हणाले, “हे कुणाचं काम?”

माझा आनंद तिथंच विझला.

“एकूण निकाल नापास धरलाय. आता मंजुरी लटकली. आन कापलंय म्हणत्यात. आपल्या शेडीत कोण कापंल?” त्यांनी अहवालासोबत परत आलेल्या नगाचं झाकण माझ्यापुढं धरलं. आत सात. “तिचा दीर पलीकडच्या शेडीत हाय न्हवं? त्यांची बी हीच डबी येणार हाय बाजारात. आपली आडकली की त्यांची पुढं.”

आणि इथं माझी कमाल बघा. ज्या हातानं कटर धरला तो हात माझ्या मांडीवर होता, तरी क्षणभर माझ्या मनात आलं, दीर आहे खरा तिचा तिकडं. सवय ही अशी असते.

“उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा तिला,” मालक म्हणाले. “तुम्हीच सांगा. मी बोललो तर आवाज चढंल माझा.”

कागलला जाणाऱ्या एसटीत मी तासभर शब्द जुळवले. प्रत्येक वाक्यात ‘मालक म्हणाले’ होतं आणि ‘मी’ कुठंच नव्हती. शेडीत शिरले तेव्हा अक्का हात धूत होती.

“आला व्हय कागद?” तिनं पदरानं हात पुसले. “काय म्हणत्यात तुझं तैवानवालं?”

“एक नग गेला.”

“कुठला?”

“तिसरा.”

तिचा चेहरा उतरला, पण तिनं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, “माझाच हात चुकला असंल गं. त्या दिवशी धाकटीला ताप होता, ध्यान नव्हतं माझं. मी सांगतो मालकास्नी, दुसरा करून देतो म्हणून.”

ती दिराला दोष देईल, लाइनवरच्या बायकांना देईल, निदान तैवानला तरी देईल, अशी माझी खात्री होती. मी तिच्या जागी असते तर पहिला संशय टेस्टिंगवालीवर घेतला असता.

“अक्का, चल,” मी म्हटलं.

“कुठं?”

“मालकांकडं. नग तू बिघडवला नाहीस. मी पाय कापला त्याचा.”

“थट्टा करतीस व्हय?”

मी खणातला लखोटा काढून तिच्या हातात दिला. ती सावकाश वाचायची. वाचून झाल्यावर तिनं तारीख पुन्हा बघितली.

“हे तर पाठवायच्या आदीचं हाय.”

“हो.”

“म्हंजे तुला ठावं होतं. माझा नंबर बी दिसत हुता तुला.”

“नंबराचा विचारच नाही केला गं.”

“मग कशाचा केलास?”

आम्ही एसटी पकडली. शाहूपुरीपर्यंत ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली नाही, पुढं जाऊन बसली. लखोटा तिच्याकडंच होता. मी वाटेत फाडून टाकीन अशी तिला भीती असणार, आणि ती रास्त होती.

मालकांनी चिठ्ठी वाचली, मग मी बोलले, मग त्यांचा आवाज जो चढला तो खाली रस्त्यावरच्या दुकानदारांनीही ऐकला. “तैवानची परीक्षा घ्यायला कुणी सांगितलं हुतं तुमास्नी? आमची वाट लावून?” मी मान खाली घालून ऐकलं. अक्का मध्ये पडली नाही. का पडावं?

मला काढलं नाही, कारण इंग्रजी पत्र लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेला मीच लिहिलं, डिक्शनरी उशाला घेऊन, की दोष आमच्याच तपासनीसानं जाणूनबुजून ठेवला होता. उत्तर सभ्य आलं. नापास अहवाल मागे घेता येणार नाही, तो तसाच राहील. नवे नग पाठवा, त्यांची नवी चाचणी होईल, आणि नव्या अहवालात जुन्याचा उल्लेख असेल. शेवटी एक प्रश्न होता, तिसऱ्या नगाची शेवटची तपासणी कुणी केली होती? मी ते पत्र दहादा वाचलं, कुठं खोच सापडते का बघितलं. सापडली नाही. मग त्या प्रश्नापुढं स्वतःचं नाव लिहिलं, पदासकट.

नवे नग अक्कानं जोडले. या वेळी तपासून पेटीबंद होईपर्यंत ते माझ्या टेबलावर होते, तेवढा वेळ ती माझ्या खुर्चीमागं उभी होती. तिन्ही पास झाले. खात्यानं दोन्ही अहवाल मागवले, खुलासा मागवला, परत खुलासा मागवला. मंजुरी यायला पाच महिने जास्त लागले. तेवढे पाच महिने अक्का ठेक्यावरच राहिली, माझ्यामुळं.

दुसरी लाइन सुरू झाली त्या दिवशी मालकांनी तिला कायम केलं आणि एक जादा काम दिलं, टेस्टिंगच्या टेबलावरून पास होऊन निघालेला प्रत्येक नग आधी अक्का बघणार, मगच पेटीत जाणार. माझ्यावर सुपरवायझर! आयटीआयवर चौथी पास! ती चिमट्यानं एकेक पाय ओढून बघायची, आणि बघताना नजर नगावर नाही, माझ्या तोंडावर.

पहिल्याच आठवड्यात तिनं माझा एक नग बाजूला ठेवला.

“काय झालं त्याला?”

“नापास.”

“कशात?”

“हुडक की. टेस्टिंगवाली तू हायस.”

मी दुपारभर तो नग उघडून बसले. भिंग लावलं, मीटर लावला, प्रत्येक पाय, प्रत्येक थेंब बघितला. काही नव्हतं. संध्याकाळी बायका बसकडं निघाल्या तेव्हा मी तिच्या मागं धावले.

“अक्का, सांग ना गं. काय होतं त्यात?”

“कळंल कवातरी,” ती म्हणाली आणि पोरीच्या शाळेचं काहीतरी बोलत बसमध्ये चढली.

शेड बंद पडेपर्यंत आम्ही एकत्र होतो. तिच्या थोरलीच्या लग्नात मी जेवून आले. तो नग मी घरी आणलाय, अजून कपाटात आहे. त्यात काही नव्हतंच हे आता कळतं, तरी कधी कधी उघडून बघते.