काकूंची ओळ

लिफ्टच्या कारखान्यात संगणकाची एक घरगुती भाषा चालायची, आणि ती बनवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. काकू बोलायला गोड, पण त्यांच्या नियमांत कुणी खोट काढली की पारा चढलाच. बावीस वर्षं त्यांनी एक नियम उराशी धरून ठेवला होता: प्रोग्राममध्ये एकच काम पुन्हा पुन्हा, कितीही फेऱ्यांनी करा, चालू फेरीचा आकडा ठेवायला संगणकातला डबा सगळ्या फेऱ्यांत मिळून एकच.

याचा प्रताप असा, की सहा मजल्यांची बटणं फेरीला एक अशी एका दमात जोडली तर प्रत्येक बटण आपला आकडा लक्षात न ठेवता तो सामायिक डबाच लक्षात ठेवी. जोडणी संपताना डब्यात उरलेला असे सहा. मग दुसरा दाबा नाहीतर चौथा, लिफ्ट आपली सहाव्यावर! "नियम वाचा," काकू म्हणत. कारागिरांनी नियम वाचला नाही, तोड काढली. दर फेरीत आकडा वेगळ्या डब्यात उतरवून घेणारी एक ओळ ते लिहीत आणि तिला 'काकूंची ओळ' म्हणत. काकूंना तो मान वाटे.

यंदा कारखान्याच्या साहेबांनी सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून ही भाषा बंद, बाजारातली आणू.  काकू तडक बटणं जोडणाऱ्या मिस्त्रींकडे गेल्या.

"मिस्त्री, खरं सांगा, माझ्या भाषेत वाईट काय आहे?"

"रागावणार नसाल तर सांगतो, काकू. नवा माणूस आला की आम्ही त्याला आधी तुमची ओळ शिकवतो, मग भाषा. ओळ विसरला की गेला सहाव्यावर!"

काकूंनी सगळे प्रोग्राम उघडले. जिथे तिथे तीच ओळ. कसला मान नि कसलं काय, सगळ्यांनी मिळून लावलेलं ठिगळ होतं ते! त्यांना लाज वाटली, मग हसूही आलं. त्यांनी पदर खोचला आणि नियम बदलला: दर फेरीला नवा डबा. जुन्या डब्यावाचून अडणारा प्रोग्राम एकच निघाला, तोही त्यांचाच, जुना नियम कसा बरोबर आहे हे पटवायला लिहिलेला.

मिस्त्रींनी ती ओळ न लिहिता बटणं जोडली आणि साहेबांना घेऊन दोघं लिफ्टमध्ये शिरले. साहेबांनी तिसरा दाबला. दार उघडलं तर समोर खरंच तिसरा मजला!

"राहू द्या हीच भाषा," साहेब म्हणाले आणि उतरले.

"काकू, तुमची ओळ गेली की हो," मिस्त्रींनी चिडवलं.

"अहो, ती गेली म्हणून तर मी राहिले!" काकू म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चौथ्याचं बटण बेधडक दाबलं.