रिकाम्या खुंटावरचा खंड्या

माझे बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीचे तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, हे तांडेल सांगणार. त्यासाठी बाबा पाण्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघायचे. लांबवर कुरव पक्षी घिरट्या घालून सूर मारताना दिसले, की खाली बांगडा नक्की. बंदरात त्यांच्या नजरेचं नाव होतं.

ऐंशीच्या दशकातला एक शिमगा. बोटी बांधलेल्या. शाळेत पक्ष्यांचा तक्ता लागला होता, म्हणून मीच हट्ट धरला आणि आम्ही गावाबाहेर, खाडीकाठी वनखात्यानं राखलेल्या कांदळवनात पक्षी बघायला गेलो. आई, बाबा, काका आणि मी. काकांचा बोटीत निम्मा वाटा.

"तांडेलाला पाखरं दाखवायला नेतोस होय रे?" काका म्हणाले. "उद्या माशाला पोहायला शिकव!"

बांधावरून चालताना आईनं बगळा दाखवला, काकांनी घार. बाबा दर वेळी "हां, दिसलं" म्हणायचे, पण जरा उशिरा, आणि बघायचे भलतीकडेच. मला हे आधीपासून ठाऊक होतं. घरी आलेल्या माणसालाही ते आवाजावरून ओळखायचे.

मला गंमत सुचली. पाण्यातल्या एका रिकाम्या खुंटाकडे बोट करून मी ओरडलो, "बाबा, तो बघा खंड्या! कसला निळा!"

"हो रे, काय सुंदर पाखरू!"

काका हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"दादा, तिथं काय नाय."

"ऊन येतंय त्यांच्या डोळ्यांवर," आई घाईनं म्हणाली आणि डबा उघडला. घावणे कुणी धड खाल्ले नाहीत.

शिमगा सरला, बोटी सुटल्या, तेव्हा सुकाणूवर काका होते. त्यांना तरी काय बोलणार? बोटीवर माणसांचे जीव असतात. बाबा धक्क्यावर जाळी सांधायला बसले. ते काम त्यांची बोटं नुसत्या चाचपण्यावर करायची.

आईनं त्या खंड्याचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला खरंच दिसला होता, मग उडाला." घरात सगळे तेच धरून बसले, मीही. ते खोटं होतं. काकांना हसवायचं होतं मला, एवढंच. पुढचं काही डोक्यात आलंच नाही.

बाबांनी ओळखलं असावं. एकदा गाठ मारता मारता म्हणाले, "झालं ते बरं झालं. एखाद्या दिवशी खडकावर घातली असती मी बोट. सांगायला धीर होत नव्हता." तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. आता ते नाहीत.

त्या वर्षांत शाळेतून येताना मात्र मी रोज धक्क्यावर थांबायचो. "काय बसलंय रे आज?" ते विचारायचे. मी सांगायचो, बगळे, घार, लांब कुरव. काही नसलं, तर काही नाही म्हणायचो.

"नीट बघ," ते म्हणायचे.

मी परत बघायचो.