चौथा ठोकळा

मेणाचे ठोकळे कापण्यात तिची बावीस वर्षं गेली, म्हणून रुग्णालयाच्या तपासणीखोलीत सगळे तिला मेणताई म्हणत. शरीरातून काढलेली गाठ आली की तिचे तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. उचलताना ती श्वास रोखून मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. तिचा काप सहसा सुरकुतायचा नाही.

त्या आठवड्यात धाकट्या जावेच्या स्तनातली गाठ आली. पाच ठोकळे झाले. पुढे गोळ्या लागू पडतील का, हे सांगणारी रंगाची तपासणी एकाच ठोकळ्यावर करायची पद्धत, आणि तो निवडायचा मेणताईनं. तिनं पहिला दिला. रंग चढला नाही. म्हणजे गोळ्यांची वाट बंद.

घरी जेवताना जाऊ म्हणाली, "माझी गाठही तुमच्याच हाताखालून गेली म्हणे. सासरची माणसं काही पिच्छा सोडत नाहीत."

मेणताईला हसू आलं नाही. तिला चौथा ठोकळा आठवत होता. गाठीच्या कडेचा, खड्यासारखा कडक, पात्याची धार घालवणारा. पहिला लोण्यासारखा कापला जात होता, म्हणून तो दिला. आजवर असंच करत आली होती.

सकाळी ती काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, मी सोपा ठोकळा दिला. कडेचा रंगाला दिलाच नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाठ सगळीकडे सारखी नसते, ताई. निवड मीच करायला हवी होती. कापा चौथा."

दोन पाती गेली. तिसऱ्यावर एक काप धड निघाला. मग रंगाचे तीन तास. तिनं बाटल्या पुसल्या, पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. देवाजवळ काय मागावं तेही सुचेना. जे असायचं ते त्या ठोकळ्यात आधीच होतं.

काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून बाईंनी ती कडेपर्यंत पाहिली. मग बाजूला झाल्या. "बघा."

एकीकडे नुसता निळा रंग. कडेला मात्र तपकिरी ठिपक्यांची दाटी, म्हणजे तिथं तपासणीचा रंग चढलेला.

"गोळ्या देता येतील," बाई म्हणाल्या. "सलाइनमधली औषधं मात्र टळणार नाहीत."

तिनं जावेला फोन केला. ऐकून जाऊ म्हणाली, "म्हणजे गाठीतही एकमत नाही. आपल्या घरासारखंच की."

फोन ठेवून मेणताई आतल्या खोलीत गेली. मागच्या कपाटात वर्षावर्षाचे ठोकळे खणांतून लावलेले होते. रंग न चढलेल्या किती बायका असतील त्यात, आणि त्या सगळ्यांचे सोपेच ठोकळे तिनं दिले होते. तिनं या वर्षाचा खण ओढला.

"बाई," ती आतूनच म्हणाली, "पाती जास्त मागवा."