नाळेचे दोन वेढे

अलीगंजातल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई पोटातल्या बाळालाही ‘आप’ म्हणत. गार जेल आधी तळहातांवर चोळून कोमट करायच्या आणि गुणगुणता गुणगुणता म्हणायच्या, “जरा करवट लीजिए, हुजूर.” माझ्याशी घरातही कुणी इतक्या अदबीनं बोलत नसे.

नवव्या महिन्यात मात्र त्यांचं गुणगुणणं एकदम थांबलं. बाळाच्या मानेभोवती नाळेचे दोन वेढे दिसत होते. “घबराइए मत, अक्सर कुछ नहीं होता. बस, हम रोज देखेंगे,” त्या म्हणाल्या. आणि खरंच रोज माझ्याआधी येऊन बसत.

लेक सुखरूप झाली. सव्वा महिन्यानं तिला बाईंना दाखवायला नेलं. घरी येणारेजाणारे सगळे आधी तिचं नाक कुणावर गेलंय ते बघायचे. बाईंनी तिच्या मानेभोवती हलकेच बोट फिरवलं आणि मगच तोंडाकडे पाहिलं.