चुलीवरचा माळा आणि पाच बाटल्या

कडावच्या काकांचा निरोप आला तेव्हा मी उत्साहात निघाले. प्रयोगशाळेत माझ्यापुढे रोज नव्या वाइनचे नमुने येतात. पोर्टसारखी जुनी, गोड वाइन माझ्यासारख्या नवख्या मुलीच्या हाती कोणी देत नाही. काकांनी कर्जतजवळच्या एका बंगल्याची आयुष्यभर राखण केली. बंगला विकताना मालकांनी त्यांना पोर्टच्या पाच बाटल्या दिल्या. त्या विकून धाकट्या भावाचा हिस्सा विकत घ्यायचा आणि भाताचे खाचर अखंड ठेवायचे, असे काकांनी ठरवले होते. भावाला प्लॉटचे गिऱ्हाईक मिळाले होते. खाचरात त्याच्या बाजूला चुन्याच्या रेघाही पडल्या होत्या.

"बियाण्याच्या भाताशेजारी ठेवल्यात," माळ्यावरून बाटल्या उतरवत काका म्हणाले. "कीड नाय, ओल नाय."

मी वर पाहिले. माळा बरोबर चुलीवर होता, वासे धुराने काळे झालेले. बियाणे टिकवायला घरात याहून चांगली जागा नव्हती आणि वाइनला याहून वाईट नव्हती.

तरीही मी तपासणी क्रमानेच केली. लेबलावरचे साल खरे वाटत होते. अशा पोर्टला मुंबईत मागणी असते. मग पहिली बाटली दारातल्या उजेडात धरली. पोर्ट मानेपर्यंत हवी, ती खांद्याखाली उतरली होती. बूच वर सरकून लाखेला तडा गेला होता आणि तिथून आलेला चिकट ओघळ काचेवर सुकला होता. रंग उकळून ठेवलेल्या चहाचा. उरलेल्या चारही तशाच.

"गिऱ्हाईक कवा आनू गं?" काकांनी विचारले. "तू लिवून दिलंस की कोन नाय म्हनंल?"

"पोरीला चा तरी पिऊ द्या," काकी चूल पेटवत म्हणाल्या. "तुमच्या बाटल्या काय पलून जात नाय."

"एक उघडू का, काका?"

"उघड. अजून चार हायत की."

बूच निम्म्यातच तुटले. जळक्या गुळाचा वास आला आणि त्यामागून आंबट झाक. काका बाटलीकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"उष्णतेने गेल्या, काका. पाचही."

"चुलीनं?"

"हो."

काकींनी चुलीतले पेटते लाकूड मागे ओढले. घरात धूर पसरला. बाहेर चुन्याच्या रेघांपाशी धाकट्या काकांची मोटारसायकल थांबली; मागे बसलेला माणूस मोजणीची टेप घेऊन उतरला.