दोराचं मोकळं टोक

हाइदोमावशीला मी तीस वर्षं कॉफी पाजतेय आणि तीस वर्षांत ‘बरी झालीय’ असं तिच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. साखर कमी, पाणी जास्त, कप गार. वय एक्याऐंशी, कंबर वाकलेली, पण जीभ अजून ताठ. आमच्या गावात गाडीरस्ता यायच्या आधी पीठ, मीठ, रॉकेल, नवरीचं सामान, सगळं खिंडीपलीकडून खेचरांवर लादून यायचं. लादायची हाइदो आणि हाकायचा तिचा नवरा लाम्ब्रोस. खरं तर बायका खेचरं लादत नसत, पण हे तिला तोंडावर सांगणारा माणूस गावात जन्मला नव्हता.

पुढे रस्ता आला, खेचरं गेली, आणि उन्हाळ्यात मोटरसायकलवाले यायला लागले. खिंडीच्या अलीकडचं शेवटचं कॉफीचं दुकान माझं. चिनाराखाली गाड्या लावून ते पाणी पितात, खातात. गाड्यांवर तंबू, गाद्या, भांडी, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. हाइदोमावशी बाकावर बसून त्यांच्याकडे असं बघायची की माणसाच्या हातातला घास थांबावा.

“ए, इकडे ये. हे काय बांधलंयस? गावाला निघालायस की घरातून पळून चाललायस?”

मग उत्तराची वाट न बघता ती सगळं सोडायची. दोन्ही पेट्या उचलून बघायची. “डावी जड आहे. दारू त्यात ठेवलीस ना? अर्धी तिकडे टाक.” जड ते खाली, मऊ ते वर, तंबूच्या काठ्या आडव्या नाहीत, उभ्या. शेवटी शेळीच्या केसांचा आपला दोर टाकायची आणि आवळताना गाडीच्या बरगडीत गुडघा हाणायची, कारण खेचर आवळताना पोट फुगवून धरतं.

“मावशी, ही पोट फुगवत नाही.”

“तुला काय माहीत? तिला विचारलंस?”

लोक हसायचे, पण तिने बांधलेलं ओझं बोटभरही सरकायचं नाही, हेही कबूल करायचे. घोळ होता तो शेवटच्या गाठीत. हाइदोची गाठ एका हिसक्यात सुटणारी, आणि तिचं टोक हातभर मोकळं लोंबणारं. खेचराचा पाय कड्यावर निसटला तर टोक ओढायचं. ओझं दरीत जातं, जनावर वाचतं. मोटरसायकलवर मात्र त्या टोकाच्या खाली असतं मागचं चाक. टोक वाऱ्याने उडून चाकात गेलं की चाक जागच्या जागी अडकतं. आमच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आमचा मेकॅनिक झिसिस तिला हे दहा वेळा समजावून थकला. “तू किती खेचरं लादलीस रे?” एवढंच ती विचारायची.

तिच्याशी वाद घालायला कुणाची जीभ का रेटायची नाही, ते सांगते. पस्तीस वर्षांपूर्वी हाइदो तापाने अंथरुणात होती, तेव्हा खेचर लादलं तिच्या मुलाने, थिमिओसने. वय सतरा. आम्ही शाळेत एका बाकावरचे. लोंबणारं टोक त्याला गबाळं वाटलं म्हणून त्याने ते नीट दुमडून दोराखाली खोचलं. त्या दिवशी पहिला बर्फ पडला होता. कड्यावर खेचर घसरलं, लाम्ब्रोसने टोकासाठी हात घातला, टोक सापडलं नाही. त्याने खेचराचा लगाम सोडला नाही. दोघंही गेले. मागच्या खेचरवाल्याने येऊन हे सांगितलं तेव्हा अंगणात पाद्रीबाबा होते, अर्धं गाव होतं. त्या सगळ्यांसमोर हाइदो पोराला म्हणाली, “तू खोचलंस.” एकदाच म्हणाली. पुन्हा कधीच नाही. पण एकदा पुरे झालं. हिवाळा सरताच थिमिओस जर्मनीला गेला. दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा, तीन दिवस राहायचा, मायलेक हवापाण्याबद्दल बोलायचे.

तेव्हा टोक खोचा म्हणून तिला कोण सांगणार? आम्ही आपली पळवाट काढली. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर संत परास्केवीचं खोलीएवढं देऊळ आहे. माझ्या दुकानातून ते दिसतं, हाइदोच्या डोळ्यांना मात्र तिथवर दिसत नाही. सुटे पैसे परत देताना मी प्रत्येकाच्या कानात सांगायचे, “देवळापाशी थांबा आणि टोक खोचून घ्या. इथे नको, तिच्यासमोर नको.” तेही डोळा मारून जायचे. बारा उन्हाळे हा खेळ चालला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आपण किती शहाणे आणि किती प्रेमळ, असं मला वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या ऑगस्टमध्ये थिमिओस मोटरसायकलवरून आला. बावन्न वर्षांचा, केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा. म्हणाला, आता वेळच वेळ आहे, जाताना खिंडीपलीकडे तळ्याकाठी चार दिवस तंबू ठोकीन, मग बंदरावरून बोटीने परत जर्मनीला. या खेपेला तो तीन दिवस नाही, बारा दिवस राहिला. आईच्या घराचं छप्पर दुरुस्त केलं. मेरीमातेच्या जत्रेत तिचा हात धरून रिंगणात नाचला. हाइदोला नाचताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने कॉफीला नाव ठेवलं नाही तेव्हा मला खरोखर भीती वाटली. देवळाच्या वळणाची गंमत मी थिमिओसला पहिल्याच दिवशी सांगितली होती. पोट धरून हसला. “म्हणजे सगळं गाव मिळून माझ्या आईला फसवतंय,” म्हणाला.

निघायच्या दिवशी सकाळी त्याचं सगळं सामान माझ्या टेबलांवर पसरलं होतं. तंबू, हवेची गादी, झोपायची पिशवी, छोटी शेगडी, आईने दिलेलं चीज आणि भाजी भरून भाजलेली पिटा. खिंडीवर ढग बसला होता, खाली मात्र लख्ख ऊन. त्याने पट्टे हातात घेतले, जरा थांबला, आणि पट्टे टेबलावर ठेवून म्हणाला, “आई, तूच बांध.”

हाइदो बाकावरून उठली नाही. “मी?”

“मग कोण? स्तेर्यानी? तिला कॉफी जमत नाही, ओझं काय जमणार?”

“मेल्या, ती कॉफी फुकट ढोसताना बरी जमत होती,” मी म्हटलं. आम्ही तिघंही हसलो. मला वाटतं, तिघांनी मिळून हसलेलं ते पहिलंच.

तिने बांधायला घेतलं. पेट्या उचलून तोलल्या. “शेगडी या बाजूला. चीज वर ठेव, उन्हात नाही, आत. गादीतली हवा पुरती काढ, तुझ्या मामासारखी फुगलीय.” ती सांगेल तसं तो देत होता. तिने दोर टाकला, गुडघा हाणला, गाडी हलली, तो ओरडला, “आई, तिचं इंजिन आहे तिथे!” “असू दे. समजू दे तिला कोण बांधतंय.”

मग गाठ आली. गाठ मारून झाली आणि टोक लोंबलं. थिमिओसचा हात आपसूक पुढे गेला, टोक धरून दुमडायला. मोटरसायकलवाल्याचा हात तो, त्याला दुसरं सुचणारच नाही. पण टोक धरल्यावर तो थांबला. हाइदोही थांबली. मी ट्रे घेऊन मध्येच उभी होते. कपातली कॉफी बशीत सांडली ते मला कळलंसुद्धा नाही.

त्याने टोक सोडून दिलं. “नाही खोचत, आई.”

हाइदोने त्याच्या गालाला हात लावला. तिचा हात त्याच्या गालापर्यंत पुरत नव्हता, तो वाकला. “तेव्हा तू लहान होतास,” ती म्हणाली. “मी तसं बोलायला नको होतं.”

पस्तीस वर्षांनी. तो बावन्न वर्षांचा बाप्या रस्त्यात उभा राहून रडला. मग नाक पुसून म्हणाला, “हे मी पलीकडे उतरेपर्यंत सोडणार नाही. तू बांधलंयस तसंच नेणार.”

मी ऐकलं. मला वाटलं, आईचं मन राखायला बोलतोय, देवळापाशी थांबेलच. त्याला काय मी सांगायचं? त्याला तर सगळं ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या मध्ये तोंड घालायचा मला धीर झाला नाही. टोक तेवढं हातभर लोंबत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते.

तो निघाला. हाइदो बाकावर बसली, डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपत. मी वळणाकडे बघत राहिले. देवळापाशी गाडीचा मागचा लाल दिवा लागला. चला, थांबला, मी मनात म्हटलं. त्याने देवळाला नमस्कार म्हणून डावा हात कपाळाला लावला, दिवा विझला, आणि तो पुढे गेला.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना तो उचलत नाही, हेही मला माहीत होतं.

“काय झालं गं?” हाइदो म्हणाली.

“काही नाही मावशी. पाकीट विसरला इथे.”

“जन्माचा धांदरट.” तिचा आवाज इतका मऊ होता की मला तिथे उभं राहवेना.

झिसिस आपल्या गॅरेजच्या दारातच होता. मी म्हटलं, “थिमिओस टोक न खोचता गेला,” तसा त्याने हातातला पाना खाली टाकला आणि पिकअप काढली. घाटभर तो शिव्या देत होता, मला, स्वतःला, रस्त्याला. तिसऱ्या किलोमीटरला एक मेंढपाळ भेटला, म्हणाला, आत्ताच गेला, हात केला त्याने. मला हायसं वाटलं. पाचव्याच्या पुढे ढग लागला आणि दिवे लावावे लागले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता तो दिसेल, कडेला उभा असेल, टोक खोचत असेल, आणि मी त्याला असं काही झाडीन.

नवव्या किलोमीटरला रस्त्यावर टायरची एकच काळी रेघ होती. सरळ गेलेली. रस्ता तिथे उजवीकडे वळतो.

गाडी फार खाली नव्हती, एका झाडाला अडली होती. थिमिओस तिच्याहूनही खाली, उतारावर होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. गाडीवरचं ओझं जसंच्या तसं होतं. ना तंबू हलला होता, ना पेटी. पोलीस यायच्या आत झिसिसने चाकात गुंतलेला दोर चाकूने कापला आणि खिशात घातला. “रस्त्यावर खडी होती,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “हो,” मी म्हटलं. पोलिसांनीही तेच लिहिलं, आणि गावानेही हाइदोला तेच सांगितलं. 

चाळीस दिवसांचा विधी झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बाकावर येऊन बसली. मी कॉफी दिली, ती तिने नाव न ठेवता प्यायली. ऑक्टोबर लागला होता, शेवटचे मोटरसायकलवाले येत होते. त्यांतला व्होलोस शहरातला एकजण थांबला, गोलमटोल, हसरा, दरवर्षी येणारा. गावात काय झालंय हे त्याला कुठून माहीत असणार? हाइदो उठली, त्याच्या गाडीपाशी गेली आणि सवयीने त्याचे पट्टे सोडायला लागली. मी अडवलं नाही. हातांना काम लागलं तर बरं, असं वाटलं.

तिने गाठ मारली. टोक लोंबलं. आणि तो भला माणूस लाडात येऊन म्हणाला, “मावशी, आज इथेच खोचून दे ना. दरवर्षी तुझ्यासाठी देवळापाशी उतरावं लागतं. चाकात गेलं तर मी सरळ दरीत.”

हाइदोने आधी चाकाकडे बघितलं. मग टोकाकडे. मग वळून माझ्याकडे.

“सगळे तिथे उतरायचे?”

“हो मावशी.”

“तुला माहीत होतं?”

“मीच सांगायचे त्यांना.”

“थिमिओसला सांगितलंस?”

“त्याला ठाऊक होतं. मला वाटलं तो थांबेल.” मी रडायला लागले. “मी बघत होते, मावशी. मी बोलायला हवं होतं.”

तिने मला शिवी दिली असती, कप फेकून मारला असता, तर मी तिचे पाय धरले असते. तिने तसलं काही केलं नाही. ती गाडीला हात टेकून उभी राहिली. व्होलोसवाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

“परक्यांनी टोक खोचलं,” ती म्हणाली. “माझ्या पोराने नाही खोचलं.”

मग तिने ते टोक उचलून त्या माणसाच्या हातात दिलं.

“दाखव,” ती म्हणाली. “कसं खोचायचं ते दाखव मला.”

त्याने वाकून टोक दुमडलं, दोराखाली घातलं, ओढून घट्ट केलं. तिने ते सोडलं आणि स्वतः करून बघितलं. जमलं नाही. तिने पुन्हा सोडलं. व्होलोसवाल्याने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि तिला जमेपर्यंत तो तिथेच थांबला.