सोळा ठिपक्यांतली अक्षरं

माधवनगरला एलईडीच्या पाट्या बनवणारे एक गृहस्थ आहेत. रस्त्यात कुठलीही पाटी दिसली की गाडी थांबवून तिचे ठिपके मोजतात.

वडूजच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं दाखवणारी पाटी त्यांनी आणि मी मिळून बसवली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, त्याच तोऱ्यात गोलाईदार फॉन्ट मीच निवडला. पाटीवर त्याची गिचमीड झाली आणि नाव न वाचता आल्यानं दोन म्हाताऱ्यांचे नंबर हुकले.

“साहेब, सोळा ठिपक्यांच्या उंचीत गोलाई कुठनं आणायची?” म्हणत त्या गृहस्थांनी चौकटीच्या वहीत चौकोन भरून एकेक अक्षर नव्यानं पाडलं. दुपारी त्या अक्षरांत पाटी पुन्हा सुरू झाली.

मागच्या बाकावरच्या आजींनी डोळे बारीक केले. “माझंच नाव हाय की रं!” म्हणत त्या कुणालाही न विचारता आत गेल्या.

मी खूश झालो. ते वहीत बघत म्हणाले, “वेलांटी अजून एक ठिपका वर पायजे.”